सहीच्या आधी एक चूक

मी जनावरांची डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर हा दिवाळी अंक वाचून कुणीतरी आजारी मांजर घेऊन गाझियाबादला माझ्या दारात उभं राहायचं. तसं एकदा झालेलं आहे. शेजारच्या टॉवरमधल्या बाईंनी मला त्यांचा पोपट दाखवला होता आणि मी ठणकावून, याला पेरू द्या, असं सांगितलं होतं. पोपट बरा झाला, त्यात माझा काही हात नव्हता. म्हशीची धार काढता येते, एवढीच माझी या क्षेत्रातली पात्रता. बाकी तीस-बत्तीस वर्षं मी जनावरांच्या डॉक्टरांमध्ये काढली ती खुर्चीत बसून, आधी टाइपरायटरपुढे आणि मग कॉम्प्युटरपुढे.

आमचे हे फौजेत होते. लग्न करून सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून मी थेट दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये आले. ह्यांची बदली सीमेवर झाली, क्वार्टर राहिलं, आणि दिवसभर भिंती बघून जीव कंटाळला म्हणून मी टायपिंग शिकले. पहिल्याच ठिकाणी नोकरी लागली ती या मंडळात. मुलाखत घ्यायला मंडळाचे संस्थापक स्वतः बसले होते. त्यांना सगळे बडे साहब म्हणत. त्यांनी विचारलं, जनावरांबद्दल काय येतं? मी म्हटलं, माहेरी दोन म्हशी होत्या, धार काढते. त्यांनी टायपिंगची परीक्षा घेतलीच नाही. ते एका अर्थी बरंच झालं, कारण माझं टायपिंग तेव्हा यथातथाच होतं.

मंडळ म्हणजे काय ते सांगते. त्याचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, ते सोडून द्या. पशुवैद्यकीच्या अभ्यासात जी मुलं अगदी वरच्या रांगेत येतात, आणि नोकरी-व्यवसायात ज्यांनी नाव काढण्यासारखं काम केलंय, अशांना निवडून सभासद करून घेणारं हे मानाचं मंडळ. यात अर्ज करता येत नाही. तुम्हाला कळतही नाही आणि तुमच्या कॉलेजातले आधीचे सभासद तुमचं नाव गुपचूप पुढे करतात, त्यावर मतं पडतात, आणि मग एक दिवस मी टाइप केलेलं पत्र तुमच्या हातात पडतं. पगार नाही, भत्ता नाही, पुढे नोकरी मिळेल याची हमी नाही. एक छोटा बिल्ला, एक जाड कागदाचं मानपत्र, आणि सभासदांच्या मोठ्या वहीत आपल्या हाताने केलेली सही. एवढ्यासाठी लोक कुठून कुठून येत. दार्जिलिंगच्या बाजूचे एक डॉक्टर दोन दिवस गाडीत बसून आले होते, सही केली, चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले, कारण त्यांच्याकडे याकची लस द्यायची राहिली होती.

पण सही अशी सरळ करता येत नसे. बड्या साहबांनी एक नियम घालून ठेवला होता. सहीच्या आधी प्रत्येकाने आपल्या हातून झालेली एक चूक लिहायची. त्यासाठी वेगळं रजिस्टर होतं, लाल कापडी बांधणीचं. आपलं अक्षर, आपली चूक, आणि तीन प्रश्नांची उत्तरं त्यात आलीच पाहिजेत. कुणाचं जनावर? काय चुकलं? आता काय कराल? ते म्हणायचे, माणसांच्या डॉक्टरची चूक नातेवाईक बोंबलून सांगतात, आमची चूक चारा चघळत गप्प उभी राहते, नाहीतर खड्ड्यात पुरली जाते, म्हणून ती आम्हीच सांगितली पाहिजे. मान मिळायच्या आदल्या दिवशी माणूस जरा जमिनीवर असावा, असाही त्यांचा हिशेब असणार.

आणि ते लिहिलेलं तपासायचं काम त्यांनी कुणा प्रोफेसरला न देता मला दिलं. मी घाबरले. म्हटलं, साहब, मला यातलं काय कळतं? तर म्हणाले, म्हणूनच. तुम्हाला वाचून कळलं नाही, तर त्याने चूक कबूलच केलेली नाही, मोठमोठ्या शब्दांखाली झाकली आहे. मग मी वाचायची. कळलं की शिक्का मारायची, नाही कळलं की पान परत. सोन्याची पदकं मिळवलेली मंडळी माझ्या टेबलासमोर उभी राहून मला गायीच्या चार पोटांचा नकाशा काढून दाखवत. बत्तीस वर्षं अशी फुकटची शिकवणी क्वचितच कुणाला मिळाली असेल.

काय काय वाचलं मी त्या रजिस्टरात. नावं सांगत नाही, तो माझा शब्द आहे; पुढे दोन नावं येतील ती त्यांना विचारूनच. एकाने गाय गाभण आहे का ते बघायला खांद्यापर्यंत हात घालून तपासलं, नाही म्हणून सांगितलं, मालकाने भाकड समजून ती पडेल भावात विकली, आणि नव्या मालकाच्या गोठ्यात पोचून आठव्या दिवशी ती व्यायली. लिहिताना ते स्वतःच हसत होते आणि कान लाल झाले होते. एका मोठ्या नावाच्या प्रोफेसरांनी लिहिलं, 'मी फार कष्ट घेतो आणि स्वतःकडे दुर्लक्ष करतो, ही माझी चूक.' मी विचारलं, यात जनावर कुठंय? ते रागावले. तीन वेळा पान परत केलं. चौथ्या वेळी त्यांनी खाली मान घालून एका कुत्रीच्या पोटात राहिलेल्या कापसाच्या बोळ्याबद्दल लिहिलं, आणि नंतर दर दिवाळीला ते मला न चुकता मिठाई पाठवत राहिले.

एक फौजी डॉक्टर होते. डोंगरात खेचर लंगडायला लागलं, पाय टेकवेना, त्यांना वाटलं हाड मोडलं. वर चढाई बाकी होती, म्हणून त्याला गोळी घातली. मग पाय तपासला तर खुरात नुसतं गळू झालं होतं. चिरा दिला असता तर चार दिवसांत चाललं असतं. वीस वर्षांनी ते लिहीत होते आणि त्या खेचराचा नंबर त्यांना पाठ होता. मी ते पान ह्यांनाही सांगितलं नाही, पण त्या दिवशी संध्याकाळी मला ह्यांच्याशी नेहमीसारखं भांडता आलं नाही.

अशी ही माणसं. लोक त्यांना ढोर डॉक्टर म्हणतात, नाक मुरडतात. मी त्यांच्याइतकी आपल्या कामाला चिकटलेली माणसं पाहिलेली नाहीत. आणि त्या सगळ्यांत मला जास्त आदर वाटायचा तो डॉक्टर सूद यांचा.

सूद सर माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मंडळाचे अध्यक्ष होते. दिल्लीच्या हद्दीवर एका कॉलेजचा जनावरांचा दवाखाना आहे, तिथे ते शिकवत. साठी उलटलेली, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत सारलेल्या, आवाज कधी चढत नसे. प्लॅस्टिकच्या पिशव्या खाऊन पोट फुगलेल्या दिल्लीच्या किती गायी त्यांनी चिरून साफ केल्या असतील, त्याची मोजदाद त्यांनी ठेवली नाही. त्यांचा विद्यार्थ्यांना एकच धडा होता. जनावर आलं की पहिली पाच मिनिटं हात लावायचा नाही. लांब उभं राहून बघायचं, ऐकायचं. कसं उभं आहे, कान कुठे आहेत, श्वास कसा चाललाय. एकदा मी कागद सही करायला घेऊन दवाखान्यात गेले होते, तर मलाही त्यांनी पाच मिनिटं एका घोड्याकडे बघत उभं केलं होतं. मला फक्त घोडाच दिसला.

आता वैदेही. फौजी हवालदाराची मुलगी, वडील सांगलीकडचे, पण हिचा जन्म आणि शाळा सगळं दिल्ली कॅन्टोन्मेंटमधलं. मुनिरक्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि सूद सरांच्या दवाखान्यात शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप करायची. वर्गात पहिली. मी सहीचे कागद घेऊन जायची तेव्हा तिथेच आमची ओळख झाली. तिचं मराठी मोठं गमतीचं. एकदा मला म्हणाली, 'ताई, जुगालीला मराठीत काय म्हणतात?' मी म्हटलं, रवंथ. म्हणाली, 'अच्छा, म्हणजे आजी म्हणते ते हे होय.' जनावरांची डॉक्टर होणार आणि रवंथ माहीत नाही, म्हणून मी तिला वर्षभर चिडवत होते. तिचं नाव निवडलं गेलं तेव्हा पत्र टाइप करताना मला आपल्याच घरातल्या मुलीचं असल्यासारखा आनंद झाला.

समारंभ शनिवारी होता, कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका हॉलमध्ये. रजिस्टर लिहायचा दिवस आदला, म्हणजे शुक्रवार. सगळी मुलं सकाळी येऊन, पेनं चावून, लिहून गेली. वैदेही मात्र दुपारी सगळे गेल्यावर आली. बसली आणि रजिस्टर उघडलंच नाही.

'ताई, मला ना, एक विचारायचंय,' ती म्हणाली. 'चूक माझी असेल, पण त्यात दुसऱ्या कुणाचं नाव येत असेल तर?'

मी म्हटलं, आधी सांग तर.

तिने सांगितलं ते असं. सोमवारी सकाळी गाझियाबादच्या बाहेरच्या एका गावातून एक जोडपं टेम्पोत म्हैस घालून आलं. म्हशीचं नाव भुरी. दोन दिवस खात नव्हती, पाणी पीत नव्हती, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. बायको बिमला, चाळिशीची, म्हशीच्या मानेवर हात ठेवून उभी होती. सूद सर घाईत होते. त्यांनी बघितलं, म्हणाले, घशात काहीतरी अडकलंय, आंब्याची कोय नाहीतर बटाटा. असं होतं नेहमी, म्हशी अधाशासारखं गिळतात. बाह्या वर होत्याच, त्यांनी तसाच उघडा हात तिच्या घशात घातला. काही लागलं नाही. सूज असेल म्हणाले, इंजेक्शन दिलं, औषध लिहून दिलं आणि निघून गेले.

वैदेही मागे उभी होती. तिने पाच मिनिटं बघितलं होतं. भुरी सारखी हंबरत होती आणि तिचा आवाज बसलेला, घोगरा, फाटलेला येत होता. मागचे पाय किंचित लटपटत होते. तिच्या डोक्यात एकच शब्द आला, रेबीज. पिसाळलेलं कुत्रं चावलेली गाय-म्हैस कुत्र्यासारखी चावत सुटतेच असं नाही. कधी कधी तिला नुसतं गिळता येत नाही आणि लाळ गळते. मग बघणाऱ्याला वाटतं घशात अडकलंय, आणि तो हात घालतो. लाळेत विषाणू असतात. हातावर साधा ओरखडा असला तरी पुरतं. लस वेळेत घेतली तर माणूस वाचतो, आणि एकदा लक्षणं दिसली की मग कुणी काही करू शकत नाही. पशुवैद्यकांची ही जुनी, ठरलेली चूक आहे. त्या लाल रजिस्टरातच मी ती दोनदा वाचलेली होती.

'मी म्हटलं, सर, इसकी आवाज. सर म्हणाले, हां हां, सूजन है. मग मी गप्प बसले.' मग तिने पुढचं सांगितलं. 'आणि ताई, मी ग्लव्ह्ज घातले. चुपचाप. कुणाला सांगितलं नाही, मी का घालतेय ते.'

बुधवारी तिने त्या घरी फोन केला तर भुरी मेली होती. खड्डा खणून पुरलीही होती. मेंदूचा तुकडा तपासल्याशिवाय रेबीज होता की नव्हता हे सांगता येत नाही, आणि तो आता मिळणार नव्हता. फोनवर तिच्या तोंडाशी शब्द आला होता, पण पुढे ते विचारणार, मग डॉक्टरसाहब का नाही बोलले? म्हणून तिने फोन ठेवला.

ती म्हणाली, हे लिहू का? इथे चूक लिहायचीच असते ना, म्हणून वाटलं इथे लिहिता येईल.

आता मी काय केलं ते सांगते. मी त्या मुलीकडे बघितलं. उद्या तिचे आईवडील पुढच्या रांगेत बसणार होते. सूद सर स्वतःच्या हाताने तिला बिल्ला लावणार होते. तिला पुढच्या शिक्षणाला त्यांचंच शिफारसपत्र लागणार होतं. मंडळाच्या अध्यक्षांची चूक वर्गातल्या पहिल्या मुलीने मंडळाच्याच रजिस्टरात लिहायची, आणि तीही नक्की नसलेली. मी म्हटलं, 'बाळा, तुला खात्री आहे का?' ती नाही म्हणाली. मी म्हटलं, 'मग उद्याचा दिवस पार पडू दे. दुसरी एखादी लिही.'

तिने रजिस्टर उघडलं. मग एका लॅब्रॅडॉरच्या कानात ड्रॉप्स टाकायच्या आधी कानाचा पडदा तपासला नाही, असं लिहिलं. कुणाचं जनावर, होतं. काय चुकलं, होतं. आता काय कराल, तेही होतं. मी शिक्का मारला.

घरी आले, पोळ्या केल्या, वाढलं, आणि मला घास गिळवेना. माझी आई आठवत होती. आमची म्हैस आजारी पडली की आई गूळ घालून बाजरीचा गोळा करायची आणि कोपरापर्यंत हात घालून तिच्या घशात ढकलायची. म्हैस खात नाही म्हटल्यावर घरची बाई दुसरं काय करणार? बिमलाने दोन दिवस तेच केलं असणार. चारा कापणाऱ्या बाईच्या बोटांना कधी चिरा नसतात? सूद सरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना हे सुचलं नसेल, पण मला सुचायला हवं होतं. तेवढीच तर माझी पात्रता होती. आणि आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. सोमवारी सकाळी सूद सर घाईत का होते? मी त्यांना तीन वेळा फोन केला होता. प्रमुख पाहुण्यांना शाल द्यायची की रोपटं, आणि त्यांची खुर्ची मधे ठेवायची की उजवीकडे. अकराच्या मीटिंगला उशीर करू नका, असंही बजावलं होतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी ताट सारून उठले.

ह्यांनी विचारलं, काय झालं? आयुष्यात पहिल्यांदा मी रजिस्टरातली गोष्ट घरात सांगितली. तशी ती रजिस्टरात आलेलीच नव्हती. सगळं सांगून मी वर म्हटलंच की नक्की काही नाही, नुसता संशय आहे.

आमचे सुभेदारसाहेब घरात फारसं बोलत नाहीत. ते म्हणाले, 'पहाऱ्यावर संशय आला तर खात्री करत बसायचं नसतं. आधी आवाज द्यायचा असतो.' आणि भाजी आणखी मागितली.

मी लगेच सरांना फोन लावला, तो बंद होता. सकाळी सात वाजता लावला, तेव्हाही बंद. वैदेहीला लावला, तिला तयार होऊन वेळेआधी यायला सांगितलं. हॉलवर पोचले तर सर आलेले होते, बंद गळ्याच्या कोटात, व्यासपीठावरच्या खुर्च्या सरळ करत होते. मी तिथेच त्यांना सगळं सांगितलं. सोमवारची घाई माझ्या फोनांमुळे झाली हेही सांगितलं आणि मुलीला दुसरं लिहायला लावलं हेही. त्यांनी उजवा हात उलटा करून बघितला. अंगठ्याच्या मुळाशी सुकत आलेली एक खपली होती.

वैदेही आली. तिच्या अंगावर आईची पैठणी होती आणि चेहरा उतरलेला होता. सरांनी तिला विचारलं, 'तुमने ग्लव्ज पहने थे?'

'जी, सर.'

'मुझे कहा क्यों नहीं?'

'कहा था, सर,' ती म्हणाली. 'पूरा नहीं कहा.'

सरांनी मान हलवली आणि कोट काढून माझ्या हातात दिला. फक्त विचारलं, त्या बाईंचा फोन नंबर आहे ना? मग दोघं सरांच्या गाडीत बसून गाझियाबादकडे निघाले, ती पैठणीतच. वाटेतून त्यांनी दवाखान्यात फोन करून, सोमवारी म्हशीला धरायला उभ्या असलेल्या दोन्ही मदतनिसांनाही इंजेक्शनला पाठवलं.

इकडे हॉल भरला. प्रमुख पाहुणे आले. मी माइकवर जाऊन सांगितलं की अध्यक्षांना एका पेशंटसाठी तातडीने जावं लागलं आहे, कार्यक्रम ते परत आल्यावर सुरू होईल. प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ बघितलं आणि तासाभराने रोपटं घेऊन गेले. पण बाकीचा हॉल हलला नाही. पेशंट म्हटल्यावर पशुवैद्यकांना दुसरं कारण लागत नाही, प्रत्येकजण कधी ना कधी जेवणाच्या ताटावरून उठून गेलेला असतो. सामोसे संपले, पुन्हा मागवले, ते संपले. वैदेहीच्या आईला मी सांगितलं की तुमची मुलगी सरांबरोबर गेली आहे, आणि त्या माउलीला ते इतकं अभिमानाचं वाटलं की मला तिच्याकडे बघवेना.

तिकडे काय झालं ते मला वैदेहीने नंतर सांगितलं. बिमला आधी ऐकेचना. तिला कुठलं कुत्रं चावलं नव्हतं, मग इंजेक्शन कशाला? म्हशीला कुत्रं चावलं होतं का, तर दीड महिन्यापूर्वी गावातलं एक कुत्रं गोठ्यात शिरलं होतं खरं, पण चावल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. घास भरवला होता का? भरवला होता, दोन्ही दिवस, हाताने. तिच्या बोटाला विळ्याचा काप होता. सूद सर अंगणातल्या बाजेवर बसले आणि तिला म्हणाले, 'बहनजी, गलती मुझसे हुई है. पहले मैं लगवाऊँगा, फिर आप.' सरकारी इस्पितळात त्यांनी खरोखरच आधी स्वतःची बाही वर केली. मग बिमलाने घेतलं, मग तिच्या नवऱ्याने. पुढच्या सगळ्या इंजेक्शनांना कुणी न्यायचं ते वैदेहीने स्वतःकडे घेतलं आणि एकही तारीख चुकू दिली नाही.

चार वाजता दोघं परत आले. प्रमुख पाहुणे सोडले तर कुणीही उठून गेलेलं नव्हतं. सरांनी कोट मागितला नाही. तसेच बाह्या सारलेल्या शर्टात व्यासपीठावर गेले आणि मला म्हणाले, जाधवजी, लाल रजिस्टर आणा. मंडळाच्या इतिहासात कुणीच दुसऱ्यांदा चूक लिहिली नव्हती, तसा रिवाजच नव्हता. एकदा सही झाली की झाली. सर उभ्याउभ्याच लिहायला लागले. लिहून झाल्यावर त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं, मी वाचलं आणि मला पहिल्याच वाचनात कळलं. जनावर, बिमलाची भुरी. चूक, पाच मिनिटं लांबून बघायचं हे मी शिकवतो आणि त्या दिवशी मीच बघितलं नाही. माझ्या विद्यार्थिनीने आवाजाकडे लक्ष वेधलं, मी तिचं बोलणं मध्येच तोडलं. आता काय करीन, तर जनावराला हात लावण्याआधी तिथल्या सगळ्यात लहान विद्यार्थ्याला विचारीन, तुला काय दिसतं?

त्यांच्याखाली वैदेहीने लिहिलं. ग्लव्ह्जबद्दल, सगळं. लॅब्रॅडॉरचं पान तसंच राहिलं, खाडाखोड करायची नाही हाही नियमच होता. मग तिने सभासदांच्या वहीत सही केली आणि सरांनी तिला बिल्ला लावला. टाळ्या किती वेळ वाजत होत्या ते मला माहीत नाही, मी डोळे पुसण्यात गुंतले होते.

भुरीला खरंच रेबीज होता का? नाही कळलं. काही सभासद पुढे म्हणाले की कोयच अडकली असेल, सूद साहबांनी उगाच बोभाटा केला. म्हणोत बापडे. बिमला धडधाकट आहे, सूद सर धडधाकट आहेत. बिमलाने पुन्हा म्हैस घेतली, आणि थंडीत कधी तिच्या गावावरून गेलो तर ती आम्हाला सरसों का साग खायला घातल्याशिवाय सोडत नाही. दवाखान्यात आजही जनावर आलं की सर मागे वळून विचारतात, सबसे छोटा कौन है, बोलो. मी गेले होते तेव्हा एक लहानशी मुलगी लाजत म्हणाली होती, सर, हे गाढव नाही, खेचर आहे. सर म्हणाले, शाबास.

मी निवृत्त झाले तेव्हा मंडळाने मला मानद सभासद करून घ्यायचं ठरवलं. डॉक्टर नसलेली मी पहिलीच. मला पत्र आलं, ते माझ्या जागी आलेल्या मुलाने टाइप केलं होतं आणि त्यात शुद्धलेखनाची एक चूक होती. पण नियम तो नियम. सहीच्या आधी रजिस्टर. तो मुलगा अजून नवा होता, म्हणून त्या वर्षी पानं तपासायचं काम वैदेहीकडे होतं, ती आता डॉक्टर वैदेही, टेबलाच्या पलीकडे माझ्या खुर्चीत. मी अलीकडे बसून लिहिलं. जनावर, बिमलाची भुरी. चूक, एका मुलीने मला खरी चूक सांगितली आणि मी तिला सोपी चूक लिहायला लावली. बिमलाचा जीव टांगणीला होता आणि मी दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाचा विचार केला.

वैदेहीने वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे भरून आले होते तिचे, पण शिक्का तिने उचलला नाही. रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

'ताई,' ती म्हणाली, 'आता काय कराल, ते लिहायचं राहिलंय.'

इतकी वर्षं मी लोकांची पानं परत केली होती, त्या दिवशी माझं परत आलं. मला हसू आलं आणि तितकंच भरूनही आलं. मी पेन घेतलं आणि खाली एकच ओळ लिहिली, आधी आवाज देईन. मग तिने शिक्का मारला.